गुड फ्रायडेच्या दुपारची ड्युटी

ह्या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर हातात पेन्सिल घेऊन वाचते. दार आतून बंद होतं का? उजेड किती होता? सांगणारा आजारी किंवा दमलेला होता का? साक्षीदार कोण? असे चार प्रश्न समासात लिहायचे आणि मजकुरात त्यांची उत्तरं शोधायची, ही माझी खोड. बहुतेक अनुभव तिसऱ्या प्रश्नावर गळतात. आता स्वतःचाच अनुभव लिहायला बसले आहे, तर आधीच कबूल करते... तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर "हो" आहे. दमलेली होते. किती, ते ओघात येईलच.

मी ख्रिस्ती आहे. तेव्हा ह्या बाईचा चमत्कारांवर आधीपासूनच विश्वास असणार, असं कुणी म्हणेल. तसं नाही. देव आणि "असले प्रकार" ह्या माझ्याकडे कायम दोन वेगळ्या फायली होत्या. आईची शिकवणच तशी. मराठवाड्यातल्या एका मिशन हॉस्पिटलात तिनं वॉर्ड सिस्टर म्हणून नोकरी केली. "वॉर्डात भूत दिसलं म्हणणाऱ्या मुलीला आधी चहा द्यायचा, मग तिची ड्युटी बदलायची," हे ह्या विषयावरचं तिचं एकमेव मत.

तिच्या हॉस्पिटलातला एक नियम इथेच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ड्युटी संपली तरी सिस्टरनं लगेच निघायचं नाही. पुढची सिस्टर — म्हणजे रिलीव्हर — यायची, एकेक पेशंट स्वतः बघायची, आणि मग चार्टवरच्या शेवटच्या नोंदीखाली पट्टी ठेवून एक आडवी रेघ मारायची. रेघेच्या वरचं तू केलंस, मी बघितलं, ताब्यात घेतलं. रेघेखालचं माझं. तू जा. एवढा सगळा अर्थ त्या एका रेघेत. "रेघ पडल्याशिवाय पाय उचलायचा नाही," आई म्हणायची. लहानपणी तिला उशीर झाला की आम्ही विचारायचो आणि ती एकाच शब्दात सांगायची, "रिलीव्हर."

नोकरीसाठी मी हैदराबादला आले त्याला तीस वर्षं झाली. दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासचं टाइमटेबल मी करते. कुठली बॅच, कुठली खोली, कुठले सर, कुणाची सुट्टी... माझ्या हातून आजवर एका खोलीत दोन बॅचेस आलेल्या नाहीत. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ संदीप कॅनडात. बरकतपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, आणि निवृत्तीनंतर आई इथे माझ्याकडे राहायला आली. सिकंदराबादला आमची छोटीशी मराठी मंडळी आहे, म्हणजे चर्च. इमारत एकच, सकाळी तेलुगू उपासना, मग इंग्रजी, आणि दुपारी चारला आम्ही. त्या मंडळीच्या सगळ्या याद्या सतरा वर्षं माझ्याकडे आहेत. फुलं कोण आणणार, शास्त्रपाठ कोण वाचणार, आजाऱ्यांची यादी, भगिनी मंडळानं कुणाच्या घरी कधी भेटीला जायचं त्याची यादी.

मी सांगते आहे त्या गुड फ्रायडेच्या अडीच वर्षं आधी आईला स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा मनगटापासून हलायचा. मी क्लासचं काम घरून करायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या पलंगाच्या पायथ्याशी क्लिपबोर्ड टांगला. वेळ, कूस, त्वचा, लघवी, सही — असे रकाने. दोरीला निळं पेन. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, डावीवरून उजवीवर, उजवीवरून डावीवर; पाठीवर झोपवायचं नाही. कारण माकडहाडापाशी तिला जखम झाली होती, लिंबाएवढी. ती भरत आली होती, पण डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं — "मॅडम, एक दिवस कंटाळा केलात तर दोन महिन्यांची मेहनत गेली. आणि ह्या वयात परत भरेल असं मी सांगू शकत नाही."

मदतीला यादम्मा होती. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. अंगानं दणकट, मनानं लोण्यासारखी, आणि लिहिता-वाचता मुळीच येत नव्हतं. म्हणजे आईला वळवायला चार हात असले तरी चार्ट माझाच, आणि रात्र तर सगळीच माझी. अडीच वर्षांत त्या कागदांवर एकही आडवी रेघ पडली नव्हती. घेणारंच कुणी नव्हतं तर रेघ कोण मारणार?

कुणी विचारत नव्हतं असं नाही हं. विचारायचे. शेजारच्या रज़िया आपा जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "काएकू इत्ता अकेले मरते जी? मेरे को बोलो, मैं बैठती अम्मा के पास दो घंटे."

"नक्को आपा. सब टाइमटेबल में है."

"हौ, देखी मैं तुम्हारा टाइमटेबल. उसमें सोना किधर है?"

मी हसून दार लावायची. भगिनी मंडळाच्या बायका फोन करायच्या, "येऊ का?" मी म्हणायची, "सगळं व्यवस्थित आहे, तुम्ही त्यापेक्षा रेल्वे क्वार्टर्समधल्या आजींकडे जा, पत्ता पाठवते." संदीप रविवारी फोन करायचा आणि शेवटी हमखास एक वाक्य म्हणायचा, "ताई, तू आहेस म्हणून मी निवांत आहे." त्याचा हेतू चांगलाच असायचा. पण फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ ते वाक्य उलटसुलट करून बघत बसायची. मी निवांत असावं म्हणून कोण आहे? असला प्रश्न कुठल्या रकान्यात लिहायचा?

प्रार्थना तर कधीच सुटली होती. म्हणजे डोळे मिटायची, पण समोर याद्याच यायच्या. गोळ्या, डायपर, बॅच बी-सातची खोली. उपासनेला जाणं वर्षभर बंदच होतं. याद्या तेवढ्या दर शनिवारी फोनवरून वेळेत पाठवत होते.

त्या वर्षी गुड फ्रायडेच्या आधीच्या बुधवारी यादम्माच्या गावाहून फोन आला. तिचे मोठे दीर वारले. "मेडम, दस दिन का कार्यम होता, मैं नै गई तो लोगां क्या बोलते?" असं म्हणत ती रडत रडत भुवनगिरीच्या बसला गेली. बदली बाई मिळेना, सणाचे दिवस. बुधवार, गुरुवार मी एकटीनं काढले. आईचं वजन सत्तावन्न किलो, माझं बावन्न. खालची आडवी चादर ओढून एकटीनं कूस बदलायची युक्ती मला येते, पण दर दोन तासांनी, दिवसरात्र... शुक्रवारी सकाळी दात घासताना मी ब्रश हातात घेऊन भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपले. कपाळ आरशाला लागलं तेव्हा जागी झाले. हे मुद्दाम लिहिते आहे. तिसरा प्रश्न.

गुड फ्रायडेला आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरचे येशूचे सात उद्गार, त्यांवर सात जण बोलतात. सातही जणांची यादी मीच केली होती. म्हणजे बारा वाजता माझ्या ओळखीचं प्रत्येक मराठी ख्रिस्ती माणूस सिकंदराबादला त्या बाकांवर बसलेलं होतं, आणि कोण कितव्या मिनिटाला उभं राहणार हेही मला माहीत होतं.

बारा वाजता मी आईला डाव्या कुशीवर घेतलं. नोंद केली, सही केली. जखम बघितली... कडेनं किंचित लाल वाटत होती. समोरच्या दाराची कडी आणि साखळी लावलेली होती, दूधवाला गेल्यापासून. बाल्कनीच्या ग्रिलला कुलूप, किल्ली स्वयंपाकघरात खिळ्यावर. फोनवर एक पंचावन्नचा अलार्म लावला, आणि पुढचेही, तीन पंचावन्न, पाच पंचावन्न. मग आईच्या पलंगाशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसले. पंखा फुलवर होता तरी हवा तव्यावरून आल्यासारखी गरम.

म्हटलं, आज तरी प्रार्थना करावी. डोळे मिटले. काहीच आलं नाही... वचन नाही, गीत नाही. बऱ्याच वेळानं तोंडातून एवढंच निघालं, तेही ऑफिसात वरिष्ठांना सांगावं तसं, "मला आता होत नाही. कुणीतरी रिलीव्हर पाठवा."

"आमेन"सुद्धा म्हटलं नाही.

जाग आली ती अजानच्या आवाजानं. आमच्या गल्लीच्या टोकाला मशीद आहे, तो आवाज माझ्या इतका सवयीचा की एरवी ऐकूही येत नाही. पण ती दुपारची अजान नव्हती. खिडकीतला उजेड तांबूस झाला होता. मगरिब, सूर्यास्ताची अजान... म्हणजे पावणेसात!

मी सहा तासांहून जास्त झोपले होते. तीन पाळ्या चुकल्या होत्या. दोनची, चारची, सहाची.

त्या क्षणी मला काय वाटलं ते नीट लिहिता येणार नाही. उठले. आईकडे बघायची हिंमत होईना, म्हणून आधी फोन बघितला. तिन्ही अलार्म वाजून वाजून बंद पडले होते, स्क्रीनवर "मिस्ड" असं तीनदा. मग वळले.

आई उजव्या कुशीवर होती.

मी तिला डाव्या कुशीवर ठेवलं होतं. दोनला उजवी, चारला डावी, सहाला उजवी... पावणेसातला ती उजवीवर असायला हवी, आणि होती. दोन गुडघ्यांमध्ये उशी. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली टॉवेलची गुंडाळी. ओठांना ओलावा. डायपर कोरडा, स्वच्छ. चादर बदललेली, कपाटात सगळ्यात खाली घडी घालून ठेवलेली पांढरी सुती चादर, मी कधीच काढत नाही ती. आणि तिचे चारही कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली घट्ट खोचलेले. आईच्या हॉस्पिटलातली पद्धत. तिनं मला ते शिकवायचा जन्मभर प्रयत्न केला. माझा डावीकडचा कोपरा नेहमी ढिला पडतो. त्या दिवशी चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, एकसुद्धा ढिला नव्हता.

जखमेवरची पट्टी उचलली. कोरडी. बारा वाजताची लाली नव्हती.

मग क्लिपबोर्ड उचलला.

बाराच्या माझ्या नोंदीखाली, माझ्या सहीखाली, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आडवी रेघ होती. सरळ, पट्टीनं मारलेली, निळ्या पेननं. रेघेखाली तीन नोंदी. वेळा मराठी आकड्यांत — २, ४, ६ — आणि पुढे उजवी, डावी, उजवी. त्वचेच्या रकान्यात तिन्ही वेळा "ठीक". मी आकडे इंग्रजीत लिहिते. आईही चार्टवर इंग्रजीतच लिहायची, हॉस्पिटलची सवय. ते अक्षर माझं नव्हतं, तिचं नव्हतं. साधं, जरासं उजवीकडे कललेलं, घाई नसलेलं अक्षर.

सहीचा रकाना तिन्ही ओळींत रिकामा.

दार बघितलं. कडी जागेवर, साखळी जागेवर. ग्रिलचं कुलूप जागेवर, किल्ली खिळ्यावर. बाथरूममध्ये काढलेली चादर बादलीत भिजवलेली होती.

मी परत आले, खुर्ची आईजवळ ओढली आणि तिला उठवलं. आमची एक खूण होती. तिनं डाव्या हातानं गादी एकदा थोपटली तर हो, दोनदा थोपटली तर नाही. मी विचारलं, "आई, हे मी केलं का? झोपेत?"

दोनदा.

"यादम्मा आली होती?"

दोनदा.

"कुणी आलं होतं का पण?"

एकदा.

"तू ओळखतेस?"

जरा वेळ थांबली. मग एकदा.

"भीती वाटली तुला?"

दोनदा. आणि मला वाटतं ती हसली. अर्धाच चेहरा हलायचा तिचा, त्यामुळे खात्रीनं सांगत नाही.

आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं. डॉक्टर म्हणायचे की अशा पेशंटच्या हो-नाहीवर फार भरवसा ठेवू नका. दुसऱ्या दिवशी मी पडताळा म्हणून विचारलं, "आई, आज सोमवार ना?" तिनं ठामपणे एकदा थोपटलं. शनिवार होता.

त्याच शनिवारी सकाळी रज़िया आपा खिरीचा डबा घेऊन आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माशाल्ला, आज मुँह पे जरा रौनक है. कल तो मैं चार बजे आई थी, बेल बजाई, खोले नै तुम."

"बेल बजी?"

"दो बार बजाई जी. फिर अंदर से चप्पलां की आवाज आई... टक टक, टक टक, जल्दी जल्दी. जैसा दवाखाने में ड्यूटी वाले चलते. मैं समझी तुम अम्मा के काम में है, चले गई."

मी घरात चप्पल घालत नाही. आपांना ते माहीत आहे. मी त्यांना आठवण करून दिली तेव्हा त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. जाताना फक्त म्हणाल्या, "अल्ला का करम है. पूछना नक्को."

पण मी विचारणारी बाई. त्याच दुपारी यादी करायला घेतली, संभाव्य स्पष्टीकरणं. एक, मी स्वतः झोपेत केलं. जन्मात कधी झोपेत चाललेली नाही, आणि ते कोपरे मला जागेपणीही जमत नाहीत. पण हे पूर्ण खोडता येत नाही, म्हणून अर्धंच खोडलं. दोन, यादम्मा. लिहिता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या भाच्यानं गावातून फोन जोडून दिला. शुक्रवारी दिवसभर ती तिथेच होती, आजूबाजूला चाळीस बायका. खोडलं. तीन, मंडळीतलं कुणी. दोन वाजता सगळे सिकंदराबादला होते, आणि साखळी आतून कोण लावणार? खोडलं. चार, आई. हे लिहिताना मलाच माझा राग आला. जिला माशी हाकलता येत नाही... खोडलं.

ईस्टरच्या संध्याकाळी पाळकसाहेब आईला प्रभुभोजन द्यायला घरी आले. मंडळीतला हा एकच माणूस मी "येऊ नका" म्हटलं तरी येतो. विधी झाला, आईच्या ओठांना प्याला लावून झाला, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. चार्ट दाखवला. मग विचारलं, कारण मला वाटलं आता कोडं सुटणार, "पाळकसाहेब, खरं सांगा. शुक्रवारी दुपारी तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली होती ना?"

ते ओशाळले. चष्मा काढून पुसायला लागले. "ताई, खोटं कसं बोलू? नाही केली. आजाऱ्यांत आईंचं नाव होतं, ते घेतलं. तुमचं... यादी तुम्हीच पाठवलेली. आम्ही ती जशीच्या तशी वाचली."

"कुणीच नाही?"

"माझ्या माहितीत तरी कुणीच नाही."

हे ऐकून मला जे रडू फुटलं, ते अडीच वर्षांत पहिल्यांदा. सतरा वर्षं मी त्या याद्या करत होते. आजाऱ्यांची, दुःखितांची, भेटी द्यायच्या घरांची. त्यात माझं घर एकदाही नव्हतं, कारण ते लिहिणारं माणूस मीच होते. मी शेजारणीला नाही म्हटलं, मंडळीला दुसऱ्यांचे पत्ते दिले, आणि मग खुर्चीत बसून कुणी येत नाही म्हणून कुढत राहिले. आणि तरी जे कुणी आलं, ते कुठलीही यादी न बघता आलं.

पाळकसाहेबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "शास्त्रात तो संदेष्टा आहे ना, झाडाखाली आडवा पडून म्हणाला की पुरे झालं आता. देवानं त्याला उपदेश नाही केला. आधी झोपू दिलं. मग उठवून खायला दिलं. मग परत झोपू दिलं. मी ह्यावर तीनदा प्रवचन केलंय, ताई. पण चादरीचे कोपरे मी आजच बघितले."

"म्हणजे देवदूत होता म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. माझी अक्कल प्रवचनापुरती." उठता उठता त्यांनी चार्टकडे बोट केलं. "पण त्या कागदावर रेघ पडली होती. तुमच्या आई काय सांगायच्या? रेघ पडली की काय करायचं?"

"घरी जायचं," मी म्हटलं.

"मग?"

त्या रात्री मी पुढच्या महिन्याची भेटींची यादी काढली आणि पहिल्या ओळीत माझा पत्ता लिहिला. हात जड झाला होता, खोटं सांगत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी भगिनी मंडळातल्या दोघी दोघी यायला लागल्या. त्या चार्ट नीट भरायच्या नाहीत, उशी चुकीच्या गुडघ्याखाली ठेवायच्या, आईच्या उशाशी बसून मोठमोठ्यानं गीतं म्हणायच्या आणि चहात साखर ओतायच्या. मी दात आवळून गप्प राहायला शिकले. इतर दिवशी दोन वाजता रज़िया आपा येऊन बसायच्या, "अब जाओ, सो जाओ मेडम, नै तो मैं तुम्हारा टाइमटेबल फाड़ देती." मी बाहेरच्या खोलीत जाऊन आडवी व्हायची. प्रार्थना आपोआप परत आली, तीही आडवी असतानाच. फार शब्द नसायचे त्यात. "घेतलंस ना?" एवढंच बरेचदा.

तसा प्रकार परत कधी घडला नाही. मी वाट बघितली नाही असं नाही. दोन-तीनदा तर मुद्दाम, चार्टची पट्टी समोर ठेवून डुलकी काढली. पट्टी जिथल्या तिथे.

आई त्या नोव्हेंबरात गेली, सकाळी, मी चहा गाळत असताना. शेवटची आंघोळ मी आणि यादम्मानं घातली. पाठ पुसताना यादम्मा म्हणाली, "देखो मेडम, पीठ पे एक दाग नै." खरंच नव्हता. जखमेच्या जागी नुसती फिकट गुळगुळीत कातडी. मग मी ती पांढरी सुती चादर अंथरली आणि कोपरे दुमडले. डावीकडचा ढिला पडला. आई असती तर बोलली असती.

सगळे गेल्यावर मी चार्टवर शेवटच्या नोंदीखाली पट्टी ठेवली, आणि हात थांबला. रेघ देणाऱ्यानं मारायची नसते, घेणाऱ्यानं मारायची असते. मी पेन खाली ठेवलं. तो कागद तसाच आहे.

आता घरात मी एकटी. क्लासचं टाइमटेबल दुपारपर्यंत संपतं. घर इतकं शांत असतं की फ्रिज बंद झालेला ऐकू येतो. आपा येतात, मंगळवारच्या बायका अजूनही येतात, पण त्या गेल्यावरची शांतता आधीपेक्षा मोठी असते. एकटेपणा त्या दुपारनं घालवला नाही, हे लिहायला हवं. तो आहे. पण त्याच्यात पूर्वीसारखी धास्ती नाही.

स्पष्टीकरणांची ती यादी फायलीत आहे, चार्टच्या त्या पानाबरोबर. पान मी डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले "स्ट्रेस". संदीपला फोटो पाठवला, तो म्हणाला, "ताई, हे तूच लिहिलंयस, झोपेत अक्षर बदलतं." असेल. मी माझं झोपाळलेलं अक्षर बघितलेलं नाही. कुणाला अनुभव असेल तर जरूर कळवा, मी तपासून बघेन. चार नंबर लिहिलेत, साडेतीन खोडलेत. पाचवा आकडा घातला आहे आणि त्यापुढे काही लिहिलेलं नाही. यादीत रिकामी ओळ ठेवायची मला सवय नाही, पण ही मी भरणार नाही.

आता दोन वाजत आलेत. पूर्वी ह्या वेळेला मी उठायची. हल्ली आडवी होते.